युद्धस्मारकावरील नावे : परिसर-अभ्यासातील एक दुर्लक्षित विषय

इतिहासाचे अध्यापन विद्यार्थ्याच्या गावापासून सुरू व्हावे, हे तत्त्व आपण सर्वांनी अध्यापक विद्यालयात शिकलेले आहे. परंतु प्रत्यक्ष पाठ घेताना आपण किल्ले, देवळे व बारव यांपाशीच बहुधा थांबतो. गावच्या चावडीत, शाळेच्या भिंतीत अथवा वेशीजवळ एखादा लहानसा संगमरवरी दगड बसविलेला असतो, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले व त्यांपैकी इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर त्यावर असतो. असे दगड महाराष्ट्रातील अनेक गावांत, विशेषतः कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात, आजही उभे आहेत.

प्रस्तुत लेखात युद्धात मरण पावलेल्या सैनिकांची स्मारके कशी निर्माण झाली, पुण्याजवळील खडकी येथील स्मारकाचे स्वरूप काय आहे, आपल्या गावच्या दगडाचा त्याच्याशी काय संबंध आहे व या विषयात प्राथमिक शाळेला कोणते कार्य करता येईल, याचा क्रमाने विचार केला आहे.

वीरगळाची परंपरा

मृत योद्ध्याची आठवण दगडात जतन करण्याची रीत आपल्याकडे परकीयांनी आणली, अशी विद्यार्थ्यांची समजूत होऊ देऊ नये. गावोगावच्या शिवमंदिरांच्या आवारात अर्धवट मातीत रुतलेले जे उभे कोरीव दगड दिसतात, त्यांना वीरगळ म्हणतात. वीरगळावर साधारणपणे एकावर एक असे तीन किंवा अधिक चौकोन असतात. सर्वांत खालच्या चौकोनात वीराचे युद्ध अथवा मरण, मधल्या चौकोनात अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत आहेत असा देखावा व वरच्या चौकोनात तो शिवलिंगाची पूजा करीत आहे असे चित्र असते. माथ्यावर चंद्र व सूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य असेतो या वीराची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांवरील लढाई कोरलेली आहे.

तथापि महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाहीत. वीराचा घोडा, ढाल व तलवार आपणास दिसते. नाव मात्र दिसत नाही. ज्यांनी तो दगड उभा केला त्यांना ते नाव ठाऊक होते व ते कधी विसरले जाईल असे त्यांना वाटले नसावे. चार-पाच पिढ्यांनंतर नाव गेले आणि दगड उरला. या एका गोष्टीवरूनच आजच्या विषयाचे महत्त्व ध्यानात येईल.

खडकीची युद्धदफनभूमी

पुणे शहराच्या उत्तरेस, खडकीत मुळा रस्त्यावर एक विस्तीर्ण व नीटनेटकी राखलेली दफनभूमी आहे. लोक तिला 'वॉर सिमेट्री' म्हणूनच ओळखतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–१९४५) पश्चिम व मध्य भारतात जे राष्ट्रकुलाचे सैनिक मरण पावले, त्यांच्या कबरी निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या होत्या. त्या सर्व ठिकाणी कायमची देखभाल होण्याची शाश्वती नसल्यामुळे ते अवशेष एकत्र आणण्यासाठी ही भूमी निर्माण करण्यात आली. येथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत.

याच भूमीत एक निराळे स्मारक उभे आहे. ते पहिल्या महायुद्धातील (१९१४–१९१८) मृतांसाठी आहे. त्या युद्धाच्या काळात भारतात मरण पावलेले १,८०० हून अधिक सैनिक भारत व पाकिस्तानमधील निरनिराळ्या गावांच्या व छावण्यांच्या दफनभूमींत पुरलेले होते. कालांतराने त्या कबरींची निगा राखणे अशक्य झाले. तेव्हा त्यांची नावे खडकीच्या स्मारकावर कोरण्यात आली. त्यांपैकी ६२९ सैनिकांचे अवशेष मुंबईतील शिवडी येथील दफनभूमीतून जून १९६२ मध्ये खडकी येथे आणून पुन्हा पुरण्यात आले. याखेरीज दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या पूर्व व पश्चिम आफ्रिकेतील सुमारे दोनशे सैनिकांचेही स्मरण येथे केलेले आहे.

येथे शिक्षकांनी एक भेद विद्यार्थ्यांना स्पष्ट करून सांगावा. कबर ही देह जेथे ठेवला त्या जागेची खूण आहे. स्मारक हे नावाचे स्थान आहे. देह कोठे आहे हे ठाऊक नसले, अथवा ती जागा राखता येत नसली, तरी नाव दुसरीकडे नेऊन जतन करता येते. खडकीचे स्मारक हे याचे उत्तम उदाहरण होय. दूरच्या छावणीतील एखादी कबर झाडाझुडपांत नाहीशी झाली असेल. परंतु त्या सैनिकाचे नाव मुळेकाठी आजही वाचता येते.

या व्यवस्थेमागील तत्त्वे

पूर्वीच्या युद्धांत सेनापतींची स्मारके होत. सामान्य शिपाई एकाच खड्ड्यात पुरले जात व त्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नसे. पहिल्या महायुद्धात ही रीत बदलली. फेबियन वेअर नावाच्या गृहस्थांनी कबरींच्या नोंदी ठेवण्याचे काम हाती घेतले व त्यातूनच २१ मे १९१७ रोजी राजसनदेने 'इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन' ही संस्था स्थापन झाली. १९६० साली तिच्या नावातील 'इंपीरियल' हा शब्द जाऊन 'कॉमनवेल्थ' हा शब्द आला. खडकीच्या भूमीची व्यवस्था याच संस्थेकडे आहे.

या संस्थेने काही तत्त्वे ठरविली. प्रत्येक मृताचे स्मरण त्याच्या नावाने व्हावे, मग ते कबरीच्या दगडावर असो वा स्मारकावर असो. हे दगड कायमचे असावेत. ते एकसारखे असावेत. हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून त्यांत भेद करू नये. यामुळेच कर्नलचा दगड व साध्या शिपायाचा दगड एकाच आकाराचा असतो. दगडावर सामान्यतः सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख व वय इतका मजकूर असतो. त्याखाली घरच्या माणसांनी निवडलेली एखादी ओळ असते. ज्यांची ओळख पटली नाही, त्यांच्या दगडावर तो अज्ञात सैनिक असल्याचे लिहिलेले असते. अशा दगडांवरील शब्द निवडण्याच्या कामी १८६५ साली मुंबईत जन्मलेले लेखक रुड्यार्ड किपलिंग यांचे साह्य झाले. त्यांचा स्वतःचा मुलगा १९१५ साली लूस येथील लढाईत मारला गेला होता व किपलिंग यांच्या हयातीत त्याचा देह ओळखला गेला नाही. नाव कोरलेला दगड असणे म्हणजे काय, हे त्या बापास निराळे सांगण्याची गरज नव्हती.

आपल्या माणसांची नावे कोठे आहेत?

खडकीच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातील जी नावे आहेत, ती प्रामुख्याने ब्रिटिश सैन्यातील आहेत. तेव्हा विद्यार्थी साहजिकच विचारतील, की आमच्या गावच्या माणसांची नावे कोठे आहेत? शिक्षकांना या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापलीकडे गेले व सुमारे ७४,००० मरण पावले. त्यांपैकी जे फ्रान्स व बेल्जियम येथे मारले गेले व ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही, अशा ४,७०० हून अधिक सैनिक व मजूर यांची नावे फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथील भारतीय स्मारकावर आहेत. त्या गावी मार्च १९१५ मध्ये मोठी लढाई झाली होती. स्मारकाचे अनावरण १९२७ साली झाले. दिल्लीच्या इंडिया गेटचा पाया १९२१ साली घातला गेला व अनावरण १९३१ साली झाले. त्याच्या भिंतींवर १३,००० हून अधिक नावे असून ती बहुतांश भारतीय सैनिकांची आहेत.

मराठी मुलखातील पलटणींचा मोठा भाग मात्र मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तेथे होत्या. कूट येथील वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला व अखेरीस उपासमारीमुळे आतील सैन्यास शरण जावे लागले. त्या मोहिमेतील ज्या मृतांची कबर ज्ञात नाही, अशा ४०,००० हून अधिक लोकांचे स्मारक १९२९ साली बसरा येथे उभारण्यात आले. पुढे १९९७ साली ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले.

या बसऱ्याच्या स्मारकासंबंधी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरली गेली. परंतु भारतीय शिपायांची नावे कोरली गेली नाहीत. त्यांच्या पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या लिहिली गेली. भेद न करण्याचे तत्त्व कागदावर होते. या ठिकाणी ते दगडावर उतरले नाही. वर सांगितलेल्या संस्थेनेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध करून ही विषमता मान्य केली. पहिल्या महायुद्धातील सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचे, ज्यांत भारतीय व आफ्रिकी लोक अधिक होते, स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही, आणि किमान १,१६,००० मृतांचे, ज्यांत आफ्रिका व मध्यपूर्वेतील लोक प्रामुख्याने होते, स्मरण नावाने केले गेले नाही किंवा मुळीच केले गेले नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. हा दुसरा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो, असेही समितीने नमूद केले.

गावचा दगड

आता आपल्या गावच्या दगडाकडे वळू. त्यावरील मजकूर इंग्रजीत, काही ठिकाणी मराठीतही असतो. वर्षे १९१४–१९१९ अशी दिलेली असतात. विद्यार्थी विचारतील, की युद्ध १९१८ साली संपले असता दगडावर १९१९ का? लढाई ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबली. परंतु व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला, हे त्याचे कारण होय. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव सैनिकी परंपरेमुळे 'अपशिंगे मिलिटरी' या नावाने प्रसिद्ध आहे. तेथील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले व त्यांचे स्मारक गावात आहे.

बसऱ्याच्या स्मारकावर जे घडले, तेच बहुतेक गावांच्या दगडांवर घडले आहे. किती गेले व किती मेले, इतकेच तेथे लिहिले आहे. कोण गेले व कोण मेले, हे लिहिलेले नाही. दगड बसविला तेव्हा ते लिहिण्याची आवश्यकता कोणास भासली नसेल. कारण त्या माणसांचे आईबाप, बायका व भाऊ गावातच होते. आता त्या गोष्टीस शंभर वर्षे उलटली आहेत. वीरगळाच्या बाबतीत जे झाले, तेच या दगडाच्या बाबतीत आपल्या डोळ्यांदेखत होत आहे.

शाळाभेटीसाठी फिरताना मी असे दगड पाहिले आहेत. एके ठिकाणी चावडीच्या भिंतीसोबत दगडालाही दरवर्षी चुना दिला जात असल्यामुळे अक्षरे बुजून गेली होती. दुसऱ्या एका गावी दगडासमोर लाकडे रचलेली होती. तेथील चौथीच्या वर्गास मी दगडावर काय लिहिले आहे असे विचारले, तेव्हा एका मुलीने 'तीन माणसे' असे उत्तर दिले. ती तीन माणसे कोण, असे विचारता वर्ग गप्प राहिला. तेथे जमलेल्या मोठ्या माणसांनाही ते सांगता आले नाही. त्या तिघांपैकी एखाद्याचा पणतू त्याच वर्गात बसलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे.

नावे उशिराही परत मिळू शकतात

इतक्या वर्षांनंतर आता काय होणार, असे कोणी म्हणेल. त्यासाठी इंग्लंडमधील एक उदाहरण देतो. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी ब्रायटन येथे रुग्णालये उघडली होती. तेथे मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांवर गावाबाहेरील टेकडीवर अग्निसंस्कार करण्यात आले. त्या जागी १ फेब्रुवारी १९२१ रोजी संगमरवरी छत्रीचे अनावरण झाले. परंतु त्या छत्रीवर मृतांची नावे नव्हती. सुमारे नव्वद वर्षांनी, २०१० साली, छत्रीशेजारी एक भिंत उभारून त्या ५३ जणांची नावे कोरण्यात आली. जुन्या नोंदी शोधून हे शक्य झाले.

आपल्याकडील उदाहरण नाईक यशवंत घाडगे यांचे आहे. पूर्वीच्या कोलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातील पळसगावचे हे जवान पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीमध्ये टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना ते कामी आले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही. परंतु त्यांचे नाव इटलीतील कासिनो येथील युद्धदफनभूमीतील स्मारकावर आहे. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपाने स्मारक उभारले. परक्या देशातील एक लहान गाव आपल्या माणसाचे नाव इतक्या वर्षांनी दगडावर लिहिते, तर आपल्या गावाने आपल्या माणसांची नावे शोधणे अशक्य का मानावे?

शाळेने करावयाचे काम

हे काम मोठ्या खर्चाचे नाही. इयत्ता सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांच्या साह्याने ते एका सत्रात करता येईल. शाळा चौथीपर्यंतच असल्यास गावातील हायस्कूलचे साह्य घ्यावे. कामाचे टप्पे पुढीलप्रमाणे ठेवावेत.

१. दगडाची नोंद. प्रथम दगड जेथे आहे ती जागा, त्याची लांबी-रुंदी व त्यावरील मजकूर ओळीस ओळ याप्रमाणे वहीत उतरून घ्यावा. सकाळी अथवा सायंकाळी ऊन तिरपे पडते, तेव्हा पुसट अक्षरे स्पष्ट दिसतात. त्याच वेळी छायाचित्र घ्यावे. दगड धुवावयाचा झाल्यास स्वच्छ पाणी व मऊ कापड एवढेच वापरावे. तारेचा ब्रश, आम्ल किंवा ऑइलपेंट वापरू नये. अक्षरे नव्याने कोरू नयेत.

२. घरोघर विचारणा. विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक आळी, वाडी व वस्तीवर पाठवावेत. येथे एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. युद्धावर गेलेली माणसे एका जातीची अथवा एका भावकीची नव्हती. १११ क्रमांकाची महार पलटण १९१७ साली उभी राहिली होती. शिवाय पलटणींबरोबर पाणी वाहणारे, खेचरे हाकणारे, स्वयंपाकी व मजूर असे हजारो लोक गेले होते. गावातील मोठ्या घरांनाच विचारून थांबल्यास यादी अपुरी राहील व जो भेद बसऱ्यास झाला तोच आपल्या हातून गावात होईल.

३. घरातील वस्तू. जुन्या पेटाऱ्यांत पदके, पेन्शनचे कागद, पत्रे किंवा छायाचित्रे असू शकतात. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. तसेच त्या युद्धातील मृतांच्या वारसांना सुमारे पाच इंच व्यासाची काशाची गोल स्मृतिमुद्रा देण्यात येत असे. तिच्यावर केवळ मृताचे नाव असते, हुद्दा नसतो. अशी वस्तू मोडीत जाण्यापूर्वी तिची नोंद व्हावी. वस्तू शाळेत ठेवून घेऊ नये. छायाचित्र घेऊन मालकास तत्काळ परत करावी.

४. अभिलेखांचा शोध. उपर्युक्त संस्थेची मृतांची यादी संगणकावर विनामूल्य पाहता येते. तिच्यात १९१४ ते १९२१ व १९३९ ते १९४७ या कालखंडांतील मृतांची नोंद असून भारतीय सैनिकांच्या बाबतीत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव व जिल्हाही दिलेला असतो. नावे इंग्रजीत असल्यामुळे एकच मराठी नाव तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले आढळेल. म्हणून उच्चार लक्षात घेऊन शोधावे. जिल्ह्यांची नावे जुनी असतील. रायगड हा कोलाबा म्हणून सापडेल व १९८१ साली निर्माण झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बहुतेक गावे रत्नागिरीखाली सापडतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडेही विचारणा करावी.

५. पडताळणी. केवळ ऐकीव माहितीवरून नाव निश्चित करू नये. घरची आठवण व लेखी नोंद, अथवा दोन स्वतंत्र घरांची आठवण, असे किमान दोन पुरावे जुळल्यावर नाव यादीत घालावे. दगडावर तीन मृत लिहिलेले असून दोनच नावे सापडली, तर तिसरी ओळ रिकामी ठेवावी. रिकामी ओळ पाहून पुढे कोणी तरी ते नाव सांगावयास येईल. खोटे नाव एकदा लिहिले गेले, तर खऱ्या माणसाची जागा कायमची जाईल.

६. नामफलक. यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी व ग्रामपंचायतीच्या संमतीने मूळ दगडाशेजारी निराळा फलक लावावा. त्यासाठी ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन योग्य होईल. १९४७ नंतरच्या युद्धांत कामी आलेल्या जवानांची नावेही त्याच फलकावर यावीत. त्यांची घरे गावात असल्यामुळे विचारपूस करताना विद्यार्थ्यांनी विशेष संयम पाळावा. वीरपत्नी अथवा आईवडील बोलू इच्छीत नसल्यास आग्रह करू नये.

वर्गातील उपयोग

या एका विषयातून अनेक पाठ घेता येतात. गणितात, समजा २४ माणसे गेली व ३ परत आली नाहीत, तर आठांमागे एक हे गुणोत्तर विद्यार्थी स्वतः काढतील. भूगोलात बसरा, न्यूव्ह शापेल व कासिनो ही ठिकाणे नकाशावर दाखवून, मुंबई बंदरातून तेथवर जाणारा जलमार्ग रेखाटता येईल. भाषेच्या तासास शिलालेखाचे वाचन, मुलाखतीचे प्रश्न तयार करणे व मिळालेली माहिती आठ-दहा वाक्यांत लिहून काढणे हे उपक्रम घ्यावेत.

खडकीस सहल नेणे शक्य असल्यास आधी तेथील व्यवस्थापकांस कळवावे. ते उद्यान नव्हे, मृतांचे विश्रांतिस्थान आहे, हे विद्यार्थ्यांस निघण्यापूर्वीच सांगावे. दगडांवर बसू नये, फुले तोडू नयेत, आत डबे उघडू नयेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एकच दगड निवडून त्यावरील नाव, वय व तारीख उतरून घ्यावी व दोन मिनिटे तेथे शांत उभे राहावे. शंभर दगड घाईने पाहण्यापेक्षा एक नाव नीट वाचण्याने अधिक शिक्षण घडते.

एक अवघड प्रश्न

वरच्या इयत्तेतील एखादा विद्यार्थी विचारील, की ही माणसे परकीय राज्यकर्त्यांच्या सैन्यात होती, तर त्यांचे स्मरण आपण का करावे? हा प्रश्न योग्य आहे व शिक्षकांनी तो टाळू नये. ते युद्ध आपण मागितलेले नव्हते, त्याचा निर्णय आपल्या देशात झाला नव्हता, हे सत्य स्पष्टपणे सांगावे. कोणी पगारासाठी गेले, कोणी घराण्याच्या परंपरेने गेले, कोणी दुष्काळ व कर्ज यांनी गांजून गेले, हेही सांगावे. युद्धाचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु ज्या राज्याने त्यांना नेले, त्या राज्याने त्यांना संख्येत मोजले. आपणही तसेच मोजत राहिलो, तर त्या राज्याचा दृष्टिकोन आपण चालू ठेवला असे होईल. स्मरण हे त्या साम्राज्याचे नसून आपल्या गावच्या माणसांचे आहे. स्वतंत्र देशाने आपल्या सैनिकांसाठी दिल्लीत उभारलेले राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रास अर्पण झाले. तेथे स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे एकेक करून लिहिलेली आहेत, ती याच भावनेने.

समारोप

सारांश, खडकीचे स्मारक आपणास दोन गोष्टी शिकविते. पहिली ही की, काळजी घेणारे कोणी असेल तर कबर नाहीशी झाली तरी नाव टिकते. दुसरी ही की, ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्यांची नावे लिहिण्याचे काम अजून शिल्लक आहे. ते काम गावात करू शकेल अशी संस्था प्राथमिक शाळेसारखी दुसरी नाही. गावातील प्रत्येक घराशी शाळेचा संबंध असतो, आणि माहिती असलेली वृद्ध माणसे शिक्षकांना विश्वासाने बोलतात. परंतु आजोबांकडून ऐकलेले सांगणारी ही पिढी फार काळ राहणार नाही.

यास्तव ज्या गावांत असा दगड आहे, तेथील शिक्षकांनी चालू सत्रातच दगडाची नोंद करून निदान पहिल्या दोन टप्प्यांचे काम पुरे करावे व पुढील केंद्रसंमेलनात आपली वही सोबत आणावी. ज्या गावांत असा दगड नाही, तेथेही युद्धावर गेलेली माणसे असतील. त्यांची यादी करण्यास दगडाची वाट पाहण्याचे कारण नाही.